एक जोडी बूट, एक पावती

‘खो-खोला कशाला पैसे लागतात हो ताई? दोन खांब रोवले की झालं!’

पावती पुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की, आता समोरच्याने तोंड उघडलं की मीच ते पूर्ण करते. कापड दुकानदारापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, हे लोकांना पटतं. मांडवाला आणि डीजेला लागतात हे तर न सांगता पटतं. पण मुली मातीत पळणार, त्याला कसला आलाय खर्च?

सोलापूर-धाराशिव पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. इथे एक निवृत्त क्रीडाशिक्षक रोज संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवतात. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या चाळीसेक मुली येतात. मंडळ रीतसर नोंदवलेलं आहे आणि मी त्याची खजिनदार. घर सांभाळून मी पंधरा-सोळा वर्षं बचत गटांचं काम करतेय, त्यामुळे हिशोबाची वही मला नवी नाही. मंडळात आले ती मात्र लेकीमुळे. ती खेळायची. आता ती पुण्यात नोकरीला लागली, पण मी इथेच अडकले!

तर, खर्च कसला ते सांगते. खो-खोत नऊ जणी मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी पाटीवर उकिडव्या बसलेल्या, नववी पळतेय. खो मिळाला की बसल्या जागेवरून उसळी मारून उठायचं, क्षणात वेग घ्यायचा, खांबावर सूर मारायचा. सगळा भार पायाच्या पुढच्या भागावर. साधे कॅनव्हासचे बूट चार महिन्यांत अंगठ्याशी फाटतात. मग मुली अनवाणी खेळतात, आणि आमच्याकडची माती म्हणजे उन्हाळ्यात नुसता खडा. मैदानावर पाणी मारायला टँकर लागतो, आखायला फक्की लागते. गुडघ्याच्या पट्ट्या, बँडेज, बर्फ. घरून चहा-पोळी खाऊन आलेल्या पोरीला दोन तास पळवायचं, तर निदान शेंगदाणा लाडू आणि एक केळं हातावर ठेवावं लागतं.

आणि एक खर्च पुरुषांना कधी सुचतच नाही. मैदानाजवळ शौचालय नाही. आठवी-नववीच्या मुली महिन्यातले चार-पाच दिवस येत नाहीत, मग ते चाराचे आठ होतात, मग एक दिवस आईच म्हणते, ‘राहू दे गं आता, मोठी झालीस.’ सर विचारायचे, ‘अमकी येत नाही, काय झालं?’ सरांना कोण सांगणार!

प्रवासाचा खर्च मात्र हलका झालाय. मार्च २०२३ पासून एसटीत बायकामुलींना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या वहीतला प्रवासाचा रकाना निम्म्यावर आला. त्याआधी तीन दिवसांच्या स्पर्धेला पंधरा मुली न्यायच्या म्हटलं की, मला रात्री झोप यायची नाही.

कुणी म्हणेल, स्पर्धेला न्यायलाच कशाला हवं, इथेच खेळा. आमच्या मुलींना हा युक्तिवाद मान्य नाही, मलाही नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मैदानावर घाम गाळला म्हणून मिळत नाही. ठरावीक दर्जाच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, आणि तिथवर पोचायचं तर आधी दहा ठिकाणी जाऊन हरावं लागतं. आमच्याच भागातली सारिका काळे उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या मैदानावरून भारताच्या संघाची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या मुलींना हे नाव पाठ आहे. गणिताची सूत्रं पाठ नसतील, पण हे आहे.

पैसे उभे करायचा पहिला मार्ग आम्हा बायकांना सुचला तो अर्थातच स्वयंपाकघरातला. २०२४ च्या दिवाळीत चकली-चिवड्याचा स्टॉल लावला. सहा जणींनी मिळून भाजणी केली, तीन दिवस दुपारभर कढईसमोर उभ्या राहिलो. खर्च वजा जाता अकरा हजार सातशे रुपये उरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर हा नफा खोटा आहे! सहा बायकांची तीन दिवसांची मजुरी धरली असती तर हातात थोडेच उरले असते. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या कामाला पैसे कमी पडले की, बायकांचे हात फुकट धरले जातात, आणि आपणच ते आनंदाने देतो. एकदा ठीक आहे. दरवर्षी त्याच सहा जणींच्या खांद्यावर मंडळ चालवायचं, तर दोन वर्षांत त्या सहा जणी पाठ फिरवतील. मी बैठकीत हे बोलले तेव्हा सर जरा दुखावले. पण पुढच्या वर्षी स्टॉल लावायचा तर करणाऱ्या बाईला रोज द्यायचा आणि मगच नफा मोजायचा, असं ठरलं.

रद्दीचं काम मुलींनी स्वतः अंगावर घेतलं. दोन रविवार हातगाडी घेऊन त्या गल्लीगल्लीत फिरल्या. तीनशे ऐंशी किलो रद्दी जमली, बारा रुपयांनी गेली. साडेचार हजार म्हणजे फार नाहीत, पण गावाने या मुलींना पहिल्यांदा एकत्र पाहिलं. ‘तुम्ही कुठल्या गं?’ ‘खो-खोच्या.’ हे उत्तर तेव्हा पहिल्यांदा रुळलं.

मग आली संक्रांत, आणि नशीब म्हणा, त्याच दिवसांत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक. १९ जानेवारी २०२५ ला रविवारी अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कप घेतला. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे! आमच्या मुलींनी सरांच्या घरी दाटीवाटीने बसून सामना पाहिला. तिथलं मैदान मॅटचं होतं. दुसऱ्या दिवशी उत्साहाने एका ठिकाणी फोन करून मॅटची किंमत विचारली आणि ती ऐकून फोन ठेवून दिला. असो. माती आपली आहेच.

पण त्या आठवड्यात गावाचा नूर बदलला. ‘पोरींनी वर्ल्डकप आणला की हो!’ म्हणत लोक स्वतःहून थांबायला लागले. असला उत्साह पंधरा दिवस टिकतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. तेवढ्यात काय करायचं ते करावं.

मैत्रिणींनो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण प्रत्येक जण किती घरी हळदीकुंकवाला जातो आणि किती वाणं आणतो, ते आठवा. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या पेट्या. माझ्या माळ्यावर तीन वर्षांच्या गाळण्या पडून आहेत. आम्ही बचत गटांमधून निरोप फिरवला की, यंदा वाण लुटायचे पैसे एका पेटीत टाका आणि सगळ्यांचं मिळून एकच हळदीकुंकू खो-खोच्या मैदानावर करू. तिळगूळ घ्या, मुलींचा सामना बघा आणि घरी जा. काहींनी नाकं मुरडली. ‘वाण नाही तर हळदीकुंकू कसलं?’ हाही प्रश्न आला. तरी रथसप्तमीच्या आदल्या रविवारी एकशे बारा बायका आल्या.

मैदानावर ठेवल्याचा एक फायदा असा झाला की, एरवी ज्यांना बोलावणंच जात नाही त्याही आल्या. आमच्या गल्लीत एक पेन्शनर आजी आहेत, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. त्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. एका मुलीने तबक घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन कुंकू पुढे केलं. क्षणभर सगळ्या गप्प. आजींनी बोट बुडवलं, त्या मुलीच्याच कपाळाला लावलं आणि पेटीत पाचशेची नोट टाकली. पेटीत एकूण नऊ हजार तीनशे चाळीस निघाले. ‘मी शाळेत असताना लंगडी खेळायचे,’ आजी मला म्हणाल्या. ‘सातवीला बंद केलं.’

फेब्रुवारीत एक पुढारी आले. नाव सांगत नाही, प्रत्येक गावात असा एक असतोच. विश्वचषकाचा वास त्यांनाही लागला होता. एक्कावन्न हजार देतो म्हणाले, एकरकमी. टी-शर्टवर पाठीपोट त्यांचं नाव, चौकात मुलींच्या फोटोसकट फ्लेक्स, आणि वाढदिवसाला संघाने गणवेशात येऊन औक्षण करायचं.

बैठक दोन तास चालली. सर म्हणाले, ‘घ्या. एप्रिलमध्ये शेजारच्या जिल्ह्यात निमंत्रित स्पर्धा आहे. सहा मुलींच्या पायात बूट नाहीत. नावाने काय होतं?’ त्यांचं चूक नव्हतं. एक आई म्हणाली, ‘फ्लेक्सवर फोटो लागला तर हिचे वडील उद्यापासून पाठवणार नाहीत.’ त्यावर दुसरीने फटकन सुनावलं, ‘लग्नाच्या फ्लेक्सवर पोरीचा फोटो चालतो ना? मग खेळाच्या का नको?’ हेही खरंच! मला स्वतःला फोटोपेक्षा ते औक्षण खटकलं. मुली खेळाडू म्हणून जाणार, की तबक धरायला? मोठ्या मुलींनाही विचारलं. त्यातली एक म्हणाली, ‘काकू, टी-शर्टवर नाव चालेल. ओवाळायला आम्ही जाणार नाही.’ तिथे प्रश्न मिटला. आम्ही उलट निरोप पाठवला की, रक्कम चेकने मंडळाच्या खात्यात द्या, नाव टी-शर्टवर घालू, फलकावर इतर देणगीदारांच्याच आकारात लावू. चेक आला नाही.

आता बूट कुठून आणायचे? तेव्हा आम्ही पत्रक काढलं. त्यात ‘सढळ हाताने मदत करा’ वगैरे काही लिहिलं नाही. यादी दिली. बुटाची एक जोडी ६५० रुपये. टी-शर्ट आणि हाफपँट ४५०. गुडघ्याच्या पट्ट्या १८०. पाण्याचा एक टँकर ७००. पंधरा मुलींचा एका दिवसाचा नाश्ता ६००. खाली ओळ होती, ‘यातलं काही जमत नसेल तर दहा रुपयेही चालतील, पावती मिळेल.’ मंडळाला देणगी द्या म्हटलं की माणूस खिशाला हात लावून विचार करतो, आणि बूट द्या म्हटलं की त्याला बूट दिसतो. एका दूधवाल्या भाऊंनी महिनाभर रोज दोन लिटर दूध दिलं. शिंपीकाकांनी पँटच्या नाड्या फुकट शिवल्या. मार्चअखेर एकशे त्रेचाळीस पावत्या फाटल्या आणि चौतीस हजार सहाशे पन्नास जमले. त्या पुढाऱ्यांच्या आकड्याला पोचलो नाही, पण बूट आले.

आमच्या आजींनी एक जोडी दिली. मग विचारायला आल्या, ‘माझी जोडी कुणाच्या पायात आहे गं?’ प्रेमाने विचारलं होतं. पण आम्ही आधीच ठरवलं होतं, कुणाचे बूट कुणाला हे सांगायचं नाही. उद्या ती मुलगी सामना हरली, किंवा बाजारात आजींना दिसली नि नमस्कार न करता गेली, की ते बूट तिच्या पायाला टोचायला लागतील. आजी जरा रुसल्या. आता येऊन सगळ्याच मुलींचे पाय बघतात!

ज्यांना आपापल्या गावात असं काही करायचंय त्यांच्यासाठी कागदपत्रांचं थोडं सांगते, कारण इथेच चांगली मंडळं गोत्यात येतात. किमान सात जण लागतात. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर आधी त्याच कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती हीच. बँक खातं मंडळाच्या नावावर आणि दोघांच्या सहीचं असावं. एकाच्या सहीचं खातं म्हणजे आज ना उद्या भांडण. पावती पुस्तकावर छापील क्रमांक हवेत, रद्द पावतीसुद्धा फाडून टाकायची नाही. मोठे देणगीदार आयकराची सवलत विचारतात, लोक तिला सवयीने ८०-जी म्हणतात. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यालाही नाही. हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे नंतर तोंड लपवावं लागत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरमधून पैसे मिळतात का, असं पुष्कळ जणी विचारतात. कंपनी कायदा २०१३ मध्ये ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण बसतं खरं, पण हा खर्च मोठ्या कंपन्यांनाच बंधनकारक आहे. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ कंपनी कायद्यात येतच नाहीत. आमच्या तालुक्यात तशी एकही कंपनी नाही, म्हणून आम्ही तो नाद सोडला. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना असते. त्यासाठी जागेचे कागद लागतात, आणि आमचं मैदान आमच्या नावावर नाही. एका कार्यालयात त्या कागदासाठी मी सात खेपा घातल्या. आठवी पुढच्या आठवड्यात!

हिशोबाची वही आम्ही बचत गटासारखीच ठेवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानावर एक मुलगी ती मोठ्याने वाचते. ‘केळी चार डझन, एकशे साठ रुपये. बर्फ, तीस रुपये.’ पहिल्यांदा सगळ्या हसल्या. आता एखादा आकडा चुकला की मुलीच टोकतात. दहा रुपये देणारी भाजीवाली मावशीही ऐकायला थांबते.

आणि याच दहा-वीस-दोनशेवाल्या बायकांनी पुढे जे केलं, ते एक्कावन्न हजारांत मिळालं नसतं. नववीतल्या एका मुलीचे वडील अडतीत हमाली करतात. मार्चमध्ये त्यांनी तिला बंद केलं. ‘सात वाजता अंधारातून येते, लोक बोलतात.’ मी जाऊन आले, सर जाऊन आले, उपयोग नाही. मग टँकरचे पैसे देणारी किराणा दुकानवाली वहिनी आणि त्या गल्लीतल्या आणखी तिघी त्यांच्या दारात गेल्या. म्हणाल्या, ‘बोलणारे लोक म्हणजे आम्हीच की! आम्ही तिला रोज घरापर्यंत सोडू.’ तेव्हापासून चौघींच्या पाळ्या लागल्यात. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसून त्या लसूण सोलतात, मटार निवडतात आणि सामना बघतात. नियमसुद्धा कळायला लागलेत. परवा एकीने पंचांना फाऊल दाखवला!

एप्रिलच्या स्पर्धेत आमचा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. येताना एसटीत मुली रडल्या आणि मोहोळच्या पुढे आल्यावर गाणी म्हणायला लागल्या.

सगळ्याच टिकल्या असं नाही. संघातली सगळ्यात चपळ मुलगी, खांबाजवळून निसटायची ती कुणाच्या हाती लागायची नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. दिवाळीला येईन म्हणाली होती, आली नाही. जाताना ती बूट घालून गेली. नंतरच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, ‘ते बूट मंडळाचे ना? परत मागवायचे का?’ कुणीच काही बोललं नाही. मी वहीत तिच्या नावासमोरचा रकाना तसाच ठेवलाय. हंगाम संपला की तिच्या वाडीवर जाऊन यायचं असं किराणावाल्या वहिनींनी आणि मी ठरवलंय.

शौचालयाचं म्हणाल, तर जागा मिळाली. मैदानाला लागून असलेल्या एका घरमालकीणबाईंनी आपल्या परसातला कोपरा दिला. खड्डा झाला, भिंती झाल्या, एका मुलीचे वडील गवंडी आहेत, त्यांनी दोन रविवार दिले. वर पत्रा पडला. पाण्याची टाकी आजींनी दिली, आणि यावेळी ती कुणासाठी हे विचारलं नाही. दाराचे साडेतीन हजार व्हायचेत. तोवर एका वहिनींनी जुनी नऊवारी पडद्यासारखी बांधून दिलीय, आणि मुली जोडीजोडीने जातात, एक आत आणि एक बाहेर राखणीला.